काळाला साक्षीला बोलवाच

जुन्या कार्टूनमधल्या वर्णद्वेषावर कोणी बोट ठेवलं की आपल्याकडे चार उत्तरं तयार असतात. एक, काळच तसा होता. दोन, तिथं मार सगळ्यांनाच बसतो, मांजराला बसतो तसा माणसालाही. तीन, लहान मुलांना त्यातलं काही कळत नाही. आणि चार, ज्यांच्यावर विनोद केलाय त्यांनाच तो आवडतो, मग तुम्ही मध्ये बोलणारे कोण? आटपाडीसारख्या तालुक्याच्या गावात पाचवं उत्तरही मिळतं: अमेरिकेतल्या त्या भांडणाशी माणदेशाचा संबंध काय?

ही उत्तरं देणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, पालक आहेत, आपल्या लहानपणीचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये असं मनापासून वाटणारे माझे मित्र आहेत. त्या आनंदाशी माझं वैर नाही. पण ही पाचही उत्तरं तपासून पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे: ती टिकत नाहीत. सगळ्यांत कमी टिकतं ते पहिलं, कारण ते ज्या काळाचा हवाला देतं तो काळच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

काळाची साक्ष काढायची तर पूर्ण काढू. १० फेब्रुवारी १९४० रोजी एमजीएमचं ‘पस गेट्स द बूट’ हे कार्टून अमेरिकेत प्रदर्शित झालं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची मांजर-उंदराची जोडी त्यात पहिल्यांदा दिसली. त्याच कार्टूनमध्ये एक कृष्णवर्णीय घरकामवालीही आहे. कॅमेरा तिच्या गुडघ्यांच्या वर क्वचितच जातो. जाडजूड पाय, मोजे, सपाता आणि हातातला झाडू एवढीच तिची ओळख. स्टुडिओत तिला ‘मॅमी टू शूज’ म्हणत. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. त्या रेडिओवरच्या नामांकित अभिनेत्री होत्या, पण या कार्टूनच्या पडद्यावर त्यांचं नाव झळकलं नाही. १९४३ ते १९५३ या दशकात टॉम आणि जेरीच्या कार्टूनना ७ ऑस्कर मिळाले. त्या सगळ्या काळात त्यांच्या घरातली एकमेव ठळक कृष्णवर्णीय व्यक्ती बहुतेक वेळा बिनचेहऱ्याची राहिली.

त्या वेळी हे कोणालाच खटकलं नाही, असं आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती उलटी आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने अशा चित्रणांवर त्याच वर्षांत, त्याच दशकात आवाज उठवला होता. वॉल्टर लँट्झ यांचं १९४१ चं ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’ हे कार्टून एका आळशी, झोपाळू कृष्णवर्णीय गावाची टिंगल करतं. १९४८ मध्ये ते पुन्हा वितरित झालं तेव्हा संघटनेने आक्षेप घेतला आणि युनिव्हर्सलला ते मागे घ्यावं लागलं. १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने बॉब क्लॅम्पेट यांचं ‘कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वॉर्फ्स’ आणलं. हिमगौरीच्या गोष्टीचं ते विडंबन. त्याचाही निषेध झाला. ते वर्ष महायुद्धाचं होतं. कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या पलटणींत राहून अमेरिकेसाठी लढत होते आणि त्यांची वृत्तपत्रं ‘दुहेरी विजया’ची मागणी करत होती: बाहेर फॅसिझमवर आणि घरात वर्णभेदावर. १९४६ मध्ये डिस्नेचा ‘साँग ऑफ द साउथ’ आला. गुलामीनंतरच्या मळ्यांवरच्या जीवनाचं त्यातलं गोडगुलाबी चित्र पाहून एनएएसीपीने जाहीर नापसंती नोंदवली. अटलांटातल्या त्याच्या पहिल्या खेळाला नायकाचं काम करणारे जेम्स बास्केट हजर राहू शकले नाहीत, कारण त्या शहरात गोरे आणि काळे वेगळे बसत, वेगळे राहत.

त्याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत आणि एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत आहेत, हे बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या, कारण अस्पृश्यांच्या प्रश्नासाठीही तो मार्ग त्यांना विचारात घ्यायचा होता. दु बॉइस यांनी उत्तरही दिलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला मग ‘अमेरिकेतल्या भांडणाशी आपला संबंध काय’ असं विचारता येत नाही. हा संबंध आपल्यातल्या सर्वांत थोर माणसाने त्याच काळात ओळखला होता.

तेव्हा ‘काळच तसा होता’ या वाक्यात ‘काळ’ म्हणजे नेमकं कोण? ज्यांनी निषेध केला ते त्या काळातले नव्हते काय? आपण फक्त चित्र काढणाऱ्यांना आणि खुर्चीत बसून हसणाऱ्यांना ‘काळ’ मानतो, आणि ज्यांचं चित्र काढलं गेलं त्यांना त्या काळातून वगळतो. अमेरिकेच्या दक्षिणेत कितीतरी चित्रपटगृहांत कृष्णवर्णीयांना वरच्या सज्ज्यात वेगळं बसवत. तेही प्रेक्षक होते. तिकीट त्यांनीही काढलं होतं. ‘तेव्हा सगळे हसत होते’ असं म्हणताना आपण त्या सज्ज्याकडे पाहतच नाही.

दुसरं उत्तर वरवर पाहता जास्त भक्कम वाटतं. या विनोदाचा नियमच असा की तिथं कोणी कायमचा जखमी होत नाही. टॉमच्या डोक्यावर ऐरण पडते, तो चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा धावू लागतो. मालक, कुत्रा, कोंबडा, कोणाचीच गय नाही. मग घरकामवालीने काय घोडं मारलंय?

याचं उत्तर एका ठरावीक विनोदात आहे. त्या काळातल्या कार्टूनमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो. स्फोट होतो. धूर विरतो. समोर टॉम किंवा दुसरं कोणी उभं असतं, पण आता त्याचा चेहरा काळा, ओठ जाड, डोक्यावर रिबिनी बांधलेल्या छोट्या छोट्या वेण्या. प्रेक्षकाने इथं हसायचं असतं. कशाला हसायचं? काजळी लागली म्हणून नव्हे. काजळीने ओठ जाड होत नाहीत आणि डोक्यावर वेण्या उगवत नाहीत. ते चित्र एका विशिष्ट समाजातल्या मुलाचं आहे, आणि विनोद सांगतो की या पात्राची जी सर्वांत मोठी फजिती झाली ती म्हणजे ते त्या मुलासारखं दिसू लागलं. ऐरणीने चपटा झालेला टॉम पुढच्या चित्रात बरा होतो. ज्याचा चेहराच शिक्षा म्हणून वापरला, त्या मुलाला पुढच्या चित्रात बरं होता येत नाही. चित्रपटगृहातून तो त्याच चेहऱ्याने बाहेर पडतो.

१९४८ च्या ‘माउस क्लीनिंग’ मध्ये हे अधिक उघडं आहे. घर स्वच्छ ठेव, अशी तंबी मॅमी टॉमला देते. शेवटी घरात कोळशाचा लोंढा येतो, आणि कोळशाने माखलेला टॉम कृष्णवर्णीय माणसाच्या बोलण्याची नक्कल करत चक्क तिच्याशीच बोलतो. १९५१ च्या ‘कॅसानोव्हा कॅट’ मध्ये टॉम सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करतो आणि त्याला नाचायला लावतो. त्याच वर्षीच्या ‘हिज माउस फ्रायडे’ मध्ये बेटावरचे नरभक्षक येतात. या विनोदांचं मूळ अमेरिकेतल्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून गोरे नट जळकं बूच तोंडाला फासून गुलामांची नक्कल करत. तो नकलेचा साचा कार्टूनने जसाच्या तसा उचलला. मार सगळ्यांनाच बसतो हे खरं. पण शिक्षा म्हणून ज्याचा चेहरा वापरला जातो तो समाज एकच आहे. म्हणून हा मार समान नाही.

धोपटण्याच्या विनोदाविरुद्ध माझी तक्रार नाही, हे इथंच स्पष्ट सांगतो. तो फार जुना आणि फार माणुसकीचा विनोद आहे. १९१७ च्या ‘द इमिग्रंट’ मध्ये चॅप्लिनचा फाटका माणूस जहाजावर दोरीने अडवला जातो आणि अधिकाऱ्याच्या ढुंगणावर लाथ घालतो. त्या लाथेत दोरीपलीकडे कोंबलेल्या सगळ्या स्थलांतरितांचा हिशेब आहे. आपल्या तमाशातला सोंगाड्या तेच करतो. वगात राजा असतो, सरदार असतो, पाटील असतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची फिरकी घेणारा सोंगाड्या असतो. फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले. दिवसा ज्याच्या वाड्यासमोर वाकायचं, रात्री त्याच्याच नकलेवर गाव हसवायचं, ही ताकद त्या सोंगाड्यात होती. तमाशातही बाईच्या अंगावर केलेले हिणकस विनोद होते, ते मी नाकारत नाही. तरीही सोंगाड्याचा सर्वांत धारदार फटका वर बसत असे. सांगली जिल्ह्यातल्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ही ताकद ओळखली. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून त्यांनी तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं. ‘अकलेची गोष्ट’ मध्ये सावकारशाहीचे वाभाडे निघतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. हेही १९४० च्या दशकातच घडलं. विनोद कोणाच्या बाजूने उभा राहील याची निवड तेव्हाही करता येत होती, आणि ती केलीही गेली.

तिसरं उत्तर, मुलांना कळत नाही. मी हे उत्तर जसंच्या तसं मान्य करतो आणि म्हणूनच काळजी करतो. आपल्या भागातल्या बहुतेक मुलांनी आफ्रिकन वंशाचा माणूस प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. १९९५ पासून केबलवर कार्टून नेटवर्क भारतात दिसू लागलं, आता मोबाईल आहे. ज्या समाजाशी गाठ पडण्याआधीच त्याचं चित्र मनात उतरतं, ते चित्र पुसायला दुसरं चित्र समोर यावं लागतं, आणि ते येत नाही. मुलाला वर्णद्वेषाची व्याख्या कळत नाही, पण कोणाला हसायचं ते मात्र पक्कं कळतं. आपल्या घरांत रंगावरून काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. लग्नाच्या स्थळात ‘मुलगी गोरी हवी’ अशी अट उघड घालणाऱ्या समाजात काळ्या चेहऱ्याचा विनोद परका राहत नाही. तो लगेच रुजतो. वर्गातल्या सावळ्या मुलीला मिळणारं टोपणनाव आणि धूर विरल्यावर दिसणारा तो चेहरा यांत मुलाला फरक करता येत नाही. त्याला एवढंच समजतं की काळं असणं हसण्यासारखं असतं.

उलट बाजूने आपण किती हळवे आहोत तेही पाहा. १९९० पासून ‘द सिम्पसन्स’ मध्ये अपू हा भारतीय दुकानदार दिसत आला. गोऱ्या नटाने नकली लहेज्यात दिलेला तो आवाज अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांच्या वाट्याला शाळेत टिंगल म्हणून आला. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये हँक अझेरिया यांनी तो आवाज द्यायचं थांबवलं. तिथल्या मराठी घरांनाही हे दुखलं, इथून आपण त्यांच्या बाजूने बोललो. मग तीच तक्रार कृष्णवर्णीयांनी केली की आपल्याला ती कुरकुर का वाटते? स्वतःवर आलं की अपमान आणि दुसऱ्यावर गेलं की गंमत, हा न्याय मला मान्य नाही.

चौथं उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला तेवढाच आदर दिला पाहिजे. ‘स्पीडी गोन्झालेस’ या वॉर्नरच्या मेक्सिकन उंदराचं उदाहरण दिलं जातं. १९५३ मध्ये तो पहिल्यांदा दिसला, १९५५ मध्ये नव्या रूपात आला आणि त्या कार्टूनला ऑस्कर मिळाला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने त्याला पडद्यावरून बाजूला केलं. तेव्हा नापसंती व्यक्त केली ती लॅटिनो प्रेक्षकांनी आणि त्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘लुलॅक’ या संघटनेनेही. २००२ मध्ये स्पीडी परत आला. हे खरं आहे आणि मी ते झाकणार नाही.

पण त्यातून काय सिद्ध होतं ते नीट पाहू. स्पीडीला नाव आहे. तो जिंकतो. उपाशी सोबत्यांसाठी तो चीज आणतो आणि सिल्व्हेस्टर मांजराला धूळ चारतो. त्याच्या भोवतीचे आळशी, झिंगलेले उंदीर हा जुना साचाच आहे, आणि तो साचा मेक्सिकन लोकांना आवडला असं कोणी म्हणत नाही. त्यांनी स्पीडीतला विजय उचलला. शिवाय तो निर्णय त्यांनी स्वतः घेतला. चौथ्या उत्तरातला नियम हाच असेल की ज्यांचं चित्र आहे त्यांचं मत मोठं, तर तो नियम मला शंभर टक्के मान्य आहे. मग तो मॅमीलाही लावा. तिच्याबद्दल तिच्या समाजातल्या संघटनांनी १९४० च्या दशकातच स्पष्ट मत दिलं होतं. स्पीडीच्या वेळी ऐकायचं आणि मॅमीच्या वेळी कान बंद करायचे, असं चालणार नाही.

इथं मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचं आहे. ही कार्टून पुसून टाका, असं म्हणणारेही कमी नाहीत. पुसण्याचा प्रयोग झालेला आहे आणि त्याचं फळ आपल्यासमोर आहे. टीका वाढल्यावर एमजीएमने १९५२ च्या ‘पुश-बटन किटी’ नंतर मॅमीला पडद्यावरून हटवलं. तिच्या जागी दुसरं कोणतं कृष्णवर्णीय पात्र आलं? कोणतंच नाही. पुढे १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी जुनी कार्टून दुरुस्त करताना चक जोन्स यांच्या चमूने तिच्या जागी एक बारीक गोरी बाई रंगवली आणि तिला जून फोरे यांचा आयरिश लहेज्यातला आवाज दिला. चूक दुरुस्त करायच्या नावाखाली लिलियन रँडॉल्फ यांचा आवाजही गेला आणि त्यांचा समाजही. वॉर्नरची ११ कार्टून १९६८ पासून दूरचित्रवाणीवर दाखवायची बंद झाली. ‘कोल ब्लॅक’ त्यातलंच. २०१३ मध्ये टॉम आणि जेरीचा जो संच येणार होता, त्यातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ वगळल्याचं कळल्यावर रसिकांनी आक्षेप घेतला आणि तो संच बाजारात आलाच नाही. पुसण्याने पीडिताला जागा मिळत नाही. पुसण्याने फक्त पुरावा जातो, आणि पुरावा गेल्यावर ‘असं काही नव्हतंच’ म्हणणं सोपं होतं.

म्हणून प्रश्न पात्रांची मोजदाद करून सुटत नाही. पेन्सिल कोणाच्या हातात आहे, हे विचारावं लागतं. त्या स्टुडिओंत वेगळी माणसं नव्हती असं नाही. ‘बांबी’च्या (१९४२) जंगलातलं धुकं आणि प्रकाश ज्यांच्या चित्रांतून आला ते टायरस वाँग चीनमधून आलेले स्थलांतरित होते. इवाओ ताकामोतो यांना युद्धकाळात केवळ जपानी वंशाचे म्हणून मँझनारच्या छावणीत डांबलं होतं. १९४५ मध्ये ते डिस्नेत लागले आणि पुढे ‘स्कूबी-डू’चं रूप त्यांनीच घडवलं. फ्लॉइड नॉर्मन १९५६ मध्ये डिस्नेत दाखल झालेले कृष्णवर्णीय चित्रकार, फ्रँक ब्रॅक्स्टन त्याच दशकात वॉर्नरमध्ये आले. हात होते, गुण होते. पण कोणती गोष्ट सांगायची आणि कोणाला हसायचं हे ठरवणाऱ्या खोलीत त्यांना जागा नव्हती. आणि नॉर्मन आले तोवर मॅमीला हटवूनही चार वर्षं झाली होती.

आता पाचव्या उत्तराकडे येतो, कारण ते माझ्या मातीचं आहे. माणदेशाचा यात काय संबंध?

मराठी शहरी नाटकात आणि सिनेमात वर्षानुवर्षं एक गडी असतो. तो चहाचा ट्रे घेऊन येतो, मालकाची चिठ्ठी चुकीच्या माणसाला देतो, कानाखाली खातो आणि जातो. त्याच्या तोंडी आमची बोली असते. ‘न्हाई’, ‘लई’, ‘कुटं’ एवढं उच्चारलं की प्रेक्षागृहात हशा पिकतो, पुढे विनोद असो वा नसो. त्याला गाव नसतं, घर नसतं, बायकोपोरं नसतात, मत नसतं. बिनचेहऱ्याची मॅमी आणि हा गडी एकाच घरात नोकरीला आहेत. आटपाडी, दिघंची, खरसुंडीचा पोरगा पुण्याच्या महाविद्यालयात गेल्यावर महिनाभर तोंड का उघडत नाही, याचं एक कारण त्या हशात आहे.

आणि इथेच काळ सर्वांत ठाम साक्ष देतो. १९४८ चा ऑस्कर ‘द लिटल ऑर्फन’ ला मिळाला. तो १९४९ च्या समारंभात दिला गेला. त्या कार्टूनमध्ये टॉम डोक्याला पिसं लावून अमेरिकेच्या मूळनिवाशाचं सोंग घेतो. आणि त्याच १९४९ मध्ये माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध झालं. औंध संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, दक्षिण सातारा जिल्हा नुकताच तयार झाला होता, दुष्काळ पाचवीला पुजलेला. बावीस वर्षांच्या त्या लेखकाने धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, शिदा चांभार, मुलाण्याचा बकस यांना आपापल्या नावाने उभं केलं. त्या चित्रणांत हसू आहे, भरपूर आहे. पण ज्या जातींवर इंग्रजी अमलाने गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांतला माणूस तिथं चोराचा साचा होऊन येत नाही. त्याला भूक आहे, लाज आहे, इमान आहे. हॉलिवूडकडे पैसा होता, तंत्र होतं, शेकडो चित्रकार होते. माडगूळकरांकडे यातलं काहीच नव्हतं. तरीही पूर्ण माणूस दिसला तो त्यांना. मग ‘काळच तसा होता’ ही सबब उरते कुठं?

त्याआधीचं उदाहरणही याच तालुक्यातलं आहे. १९३९ मध्ये, टॉम आणि जेरीच्या जन्माच्या आदल्या वर्षी, औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू केली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती आणि विश्वास. कार्टूनमधला कैदी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणि पायात लोखंडी गोळा, इतकंच. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खुनाची शिक्षा झालेली सहा माणसं त्यात हसवतात, रडवतात आणि माणूसच राहतात. बर्लिनच्या महोत्सवाने त्याचा गौरव केला.

पण एवढ्यावर थांबलो तर मीही अर्धीच साक्ष काढली असं होईल. व्यंकटेश माडगूळकर आणि गदिमा गरीब होते, तरी ब्राह्मण घरातले होते. त्यांनी गावकुसाबाहेर आदराने पाहिलं, पण पाहिलं ते बाहेरून. आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ मध्ये जन्मलेल्या शंकरराव खरातांनी आतून लिहिलं. त्यांचे वडील गावाची तराळकी करत. ‘बारा बलुतेदार’, ‘तडीपार’, ‘सांगावा’ या कथासंग्रहांत आणि पुढे ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात त्यांनी जे सांगितलं, ते कितीही सहृदय पाहुण्याला दिसलं नसतं. बाहेरून पाहणाऱ्याला तराळाचा जोहार ऐकू येतो. तो जोहार घालताना बापाच्या चेहऱ्यावर काय होतं, ते शेजारी उभ्या मुलालाच ठाऊक असतं. तोच मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद १९७३ मध्ये गदिमांना, १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांना आणि १९८४ मध्ये शंकरराव खरातांना मिळालं. एका दुष्काळी तालुक्यातून आलेल्या या तिघांनी दाखवून दिलं की ज्याला नाटकात फक्त ट्रे आणायला बोलावलं जातं, त्याच्या गावाला सांगण्यासारखं केवढं असतं. हा वारसा सांगणाऱ्या आटपाडीकराने मॅमीच्या बाजूने उभं राहायला कोणाची परवानगी मागायची गरज नाही.

तर मग करायचं काय? ही कार्टून दाखवा, पण मुलांच्या हाती मोबाईल देऊन स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. शेजारी बसा. धूर विरून तो चेहरा दिसला की थांबवा आणि विचारा, इथं नेमकं कशाला हसायचंय? दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पेलतो. वॉर्नरने आपल्या जुन्या संचांना सूचना जोडायला सुरुवात केली, २००५ च्या लूनी ट्यून्स संचात व्हूपी गोल्डबर्ग यांनी समोर येऊन ही कार्टून का दाखवायची आणि त्यांत काय चुकलंय ते सांगितलं. न पुसता सांगणं, हा मार्ग मला योग्य वाटतो. मराठीत ही सूचना अजून कोणी लिहिलेली मी पाहिलेली नाही. भाषांतरित आवाज देणाऱ्या वाहिन्यांनी आणि मोबाईलवरच्या मंचांनी ती मराठीत दिली पाहिजे. शाळांनी चित्रकलेच्या तासाला एक कार्टून आणि ‘माणदेशी माणसं’ मधलं एक व्यक्तिचित्र शेजारी ठेवून शिकवलं पाहिजे.

आणि याहून मोठं काम निर्मितीचं आहे. महाराष्ट्राला ॲनिमेशन परकं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून चित्रपट केला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये उभा राहिला आणि विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ ने देशभरची मुलं घडवली. तरी धनगराच्या पोराने काढलेलं, माणदेशी बोलीत बोलणारं, ज्यात बोली हा विनोद नसून विनोद बोलीत आहे, असं धमाल कार्टून आपल्याकडे का दिसत नाही? आटपाडीच्या शाळांत सुंदर रेघ असलेली मुलं बसली आहेत. त्यांना शिकवा, त्यांच्या गोष्टीला पैसा द्या, कशाला हसायचं हे ठरवणाऱ्या खोलीत त्यांना खुर्ची द्या, आणि काम पूर्ण झाल्यावर त्यांचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. लिलियन रँडॉल्फ यांना जे नाकारलं गेलं ते या मुलांना देणं आपल्या हातात आहे, आणि ते दिलं नाही तर पुढच्या पिढीसमोर आपल्याला काळाची सबब सांगता येणार नाही.